सही जुळत नाही

२०१८ साली पोळ्याच्या आठवड्यात माझा चेक बँकेतून परत आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सही जुळत नाही’.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचा गटसचिव होतो. ३१ वर्षं किर्द-खतावणी हाताने लिहिली. बापाच्या नावाने पोराने ठोकलेली सही मी लांबूनच ओळखायचो. आणि आता माझीच सही खोटी ठरली. काउंटरवरच्या पोराला चार शब्द सुनावून घरी आलो, जुनी डायरी काढून चेकशेजारी ठेवली आणि गप्प बसलो. नावाचं पहिलं अक्षर बरं होतं, पुढचं त्याहून बारीक, आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर नुसती मुंग्यांची रांग. मी चष्मा बदलून घेतला. नंबर थोडा बदलला, अक्षर होतं तसंच राहिलं.

तेव्हा मी ५९ वर्षांचा होतो. ‘पार्किन्सन’, म्हणजे कंपवात, हा शब्द कानावर पडायला अजून पाच-सहा महिने होते. आजार मात्र केव्हाचाच घरात येऊन बसला होता, फक्त दर वेळी वेगळं नाव सांगून. नंतर मागची पानं उलटत गेलो तेव्हा एकेक नोंद सापडली.

सगळ्यात जुनी नोंद २०१२ च्या हिवाळ्यातली. आमच्याकडे थंडी पडली की भरताच्या पार्ट्या सुरू होतात. शेतात पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवट-पांढरी भरताची वांगी भाजायची, मग ती लसूण-मिरचीबरोबर ठेचायची आणि वर कांद्याची पात. त्या दिवशी जो तो म्हणत होता, काय वास सुटलाय! मीही मान डोलावली. खरं तर मला नुसता धूर डोळ्यांत गेलेला कळत होता. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. ती सर्दी पुढे गेलीच नाही. घरात दूध उतू जाऊन करपलं तरी मी शेजारी पेपर वाचत बसलेलो असायचो. त्यावरून बायको चिडायची, ‘घरात लक्षच नाही यांचं.’

दुसरी नोंद झोपेची. स्वप्नात मक्यात रानडुकरं शिरायची आणि मी त्यांच्यामागे काठी घेऊन धावायचो. पण धावायचो तो खाटेवर. एका पहाटे माझा हात एवढ्या जोराने बसला की बायकोच्या दोन बांगड्या फुटल्या. शांत झोपणारा माणूस मी, एकाएकी झोपेत ओरडायला, लाथा झाडायला लागलो. माय तेव्हा होती. ती म्हणाली, ‘याले बाहेरनं लागेल शे.’ उतारा झाला, लिंबू झाला. बायकोने आपली खाट पलीकडच्या खोलीत नेली. नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं : स्वप्नाच्या झोपेत शरीर हातापायांना कुलूप लावून ठेवतं, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी जागेवर असतो. काही जणांचं हे कुलूप पार्किन्सनच्या कितीतरी वर्षं आधी ढिलं होतं. असं होणाऱ्या प्रत्येकाला पुढे पार्किन्सन होतोच असं नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घालावी अशी ही गोष्ट आहे. आम्ही ती भगताच्या कानावर घातली.

बद्धकोष्ठाबद्दल काय सांगू? पोट साफ न होणं आमच्या गावात आजारात धरतच नाहीत. इसबगोल, एरंडेल, गरम पाणी, सगळं झालं. मग एकाने गॅसवर एक गोळी सुचवली. ती इतकी लागू पडली की मी मेडिकलमधून आपली आपणच आणत राहिलो. दहा महिने. ही गोळी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

२०१७ मध्ये डावा खांदा धरला. हाडाच्या डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर’ सांगितलं. शेक, व्यायाम, एक इंजेक्शन. सात-आठ महिने मी भिंतीवर बोटं चढवत होतो. खांदा थोडा सुटायचा, पुन्हा धरायचा. डाव्या पायातली चप्पलही पुढून घासून जायला लागली होती. उजवी तशीच नवी. दुरुस्तीवाल्याने हसत विचारलंसुद्धा, एकाच पायाने चालता का काय? मीही हसलो.

की हसलोच नाही? कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

वास, झोप, पोट, खांदा यांना निदान आजाराची नावं तरी मिळाली. उरलेलं सगळं माझ्या स्वभावाच्या खात्यावर जमा होत गेलं. पुतण्याच्या लग्नात व्याही आले, मी हात जोडले, चौकशी केली, मनातून आनंदात होतो. आठ दिवसांनी निरोप आला (जिभाऊ म्हणजे मीच), ‘जिभाऊंना सोयरीक पसंत नव्हती का? चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.’ अल्बम आला तेव्हा पाहिलं. सगळे हसतायत आणि मधोमध मी, पंचनाम्याला बसल्यासारखा. फोटो काढताना मी हसलो होतो. अजूनही शपथेवर सांगेन की हसलो होतो. चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत ते पोचलं नव्हतं, इतकंच.

आवाजाचंही तेच. फोनवर पोरगा पुण्याहून ‘हॅलो, हॅलो, मोठ्याने बोला’ म्हणायचा आणि मला वाटायचं मी ओरडतोय. सोसायटीच्या वार्षिक सभेत माईक नसताना बोलणारा माणूस मी. घरात म्हणायला लागले, आता हे पुटपुटतात, मुद्दाम ऐकू जाऊ नये म्हणून. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागायची, तेव्हा ‘रिटायर झाल्यापासून आळस भरलाय’. संध्याकाळी पारावर जावंसं वाटेना, तेव्हा ‘पेन्शन नाही म्हणून मन लागत नाही’. गटसचिवाला कुठली आलीय पेन्शन, हे खरंच. पण उदासीचं कारण ते नव्हतं. कारण नसतानाच दिवेलागणीला छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. लोक माणूस कशावरून ओळखतात? चेहरा, आवाज, हालचालीचा वेग. हा आजार नेमका त्यावरच हात टाकतो, आणि समोरच्याला आजार न दिसता माणूस बदललेला दिसतो. बायको दोन वर्षं माझ्याशी मनातल्या मनात भांडत होती.

रोग ओळखला तो एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हर मित्राने. बोरी नदीच्या पुलावर आम्ही संध्याकाळी फिरत होतो, तो मागे राहिला होता. मागूनच म्हणाला, ‘जिभाऊ, तुमना डावा हात काबर हालत नही?’ उजवा हात चालण्याबरोबर पुढेमागे होत होता, डावा मात्र झोळी धरल्यासारखा अंगाशी. २० वर्षं आरशात मागच्या गाड्या बघणाऱ्याची नजर ती. त्याने पाठ सोडली नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांना जाऊन तोच म्हणाला, हात बघा, चप्पल बघा. त्यांनी जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली.

२०१९ च्या फेब्रुवारीत अमळनेरहून गाडीने जळगावला गेलो. आपल्याला वाटतं मोठा आजार म्हणजे मोठ्या तपासण्या. डॉक्टरांनी अंगठा आणि पहिलं बोट भराभर एकमेकांवर आपटायला सांगितलं. उजव्याने जमलं. डाव्याचं बोट दहा-बारा वेळा आपटलं आणि मग उघडझाप लहान होत होत थांबली, थेट माझ्या सहीसारखी. मनगट धरून हात फिरवला तर टप्प्याटप्प्याने हलत होता, दातेरी चाक फिरवावं तसा. बाहेरच्या बोळात चालायला लावलं, वळायला लावलं. वळायला मला सहा-सात पावलं लागली. पाठीमागे उभं राहून खांद्याला झटका दिला आणि पडतो का बघितलं. एक ओळ लिहायला सांगितली. मग बायकोला विचारलं, ‘हे आधीपासून असेच शांत आहेत का?’

ती म्हणाली, ‘नाही हो, हे तर गाव जागवायचे,’ आणि तिथेच रडायला लागली. दोन वर्षांचं भांडण त्या खुर्चीत बसल्या बसल्या मिटलं.

मी मात्र वाद घातला. हात कापत नाही तर कंपवात कसा? डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या पंचवीस-तीस जणांना सुरुवातीला कंप नसतोच. हात मंदावणं हे यातलं मुख्य लक्षण, त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा कंप. हे ऐकून मला माझा चुलतभाऊ आठवला. चहाची बशी तोंडाशी नेताना १५ वर्षांपासून त्याचा हात थरथरतो, आणि त्याला पार्किन्सन आहे असं सगळ्या भावकीने ठरवून टाकलेलं. डॉक्टरांनी विचारलं, हात मांडीवर निवांत ठेवल्यावर कापतो की काही धरताना? धरताना. मग बहुतेक तो वेगळा कंप, आणि पार्किन्सनचा बहुधा उलटा : हात स्वस्थ असताना गोळी वळल्यासारखा हलतो, वस्तू उचलली की कमी होतो. म्हणजे भावकीने ज्याला रोगी ठरवलं त्याला तो नसावा आणि ज्याला आळशी ठरवलं त्याला तो होता!

नावच दिशाभूल करतं. इंग्लंडच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या रोगावर पहिला निबंध लिहिला, तेव्हा त्यानेही नाव कंपावरूनच ठेवलं होतं. त्याच्याजवळ रुग्ण होते अवघे सहा, त्यातले काही तर त्याने रस्त्यात पाहिलेले. (माझ्या ड्रायव्हर मित्राला हे सांगितलं तेव्हा तो भलताच खूश झाला.) पुढे फ्रान्समधल्या शार्को नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने म्हटलं की सगळ्यांनाच कुठे कंप असतो, म्हणून रोगाला पार्किन्सनचंच नाव द्या. हे पोराने पुण्याहून वाचून सांगितलं. मला शार्कोबद्दल तेव्हापासून आपुलकी आहे.

त्या दिवशी गोळी काही मिळाली नाही. डॉक्टरांनी घरची औषधांची पिशवी रिकामी करायला लावली आणि ती गॅसची गोळी बाजूला काढली. तिच्यात लिव्होसल्पिराइड नावाचं औषध होतं. हालचालींचे निरोप पोचवणारं मेंदूतलं रसायन म्हणजे डोपामिन, त्याचं काम ते अडवतं, त्यामुळे त्यानेही हुबेहूब अशीच लक्षणं होऊ शकतात. उलटी थांबवणाऱ्या आणि चक्करेवरच्या काही गोळ्यांचंही तसंच. म्हणून आधी ती बंद, मग तीन महिने वाट. हे तीन महिने मी देव पाण्यात ठेवून होतो. फरक पडला, पण बेताचाच. चेहरा जरा सैल झाला, डाव्या हाताची मंदगती गेली नाही. एमआरआय केला तो दुसरं काही नाही ना हे बघायला. पार्किन्सन त्यात दिसेलच असं नसतं आणि तो पकडणारी साधी रक्ततपासणी नाही. मेंदूच्या तळाशी डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक काळसर पट्टा असतो, त्यातल्या निम्म्याहून अधिक पेशी गेल्यावर हातापायांची लक्षणं दिसायला लागतात. शिल्लक निम्म्याखाली येईपर्यंत पासबुक भरूनच घेतलं नाही, असा प्रकार.

मे महिन्यात गोळी सुरू झाली, १०० मिलिग्रॅम लिव्होडोपा, ज्याचं मेंदूत डोपामिन होतं, आणि ते वाटेत वाया जाऊ नये म्हणून १० मिलिग्रॅम कार्बिडोपा, आधी अर्धी अर्धी तीन वेळा. पहिले दिवस मळमळ. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी शर्ट घातला आणि बटणं लावून झाल्यावर लक्षात आलं की बटणं लावून झाली. मग मी माजलो. जेवणाबरोबरच गोळी घ्यायला लागलो आणि दुपारी पुन्हा लाकूड. कळण्याच्या भाकरीत उडीद, वर फौजदारी डाळ. डाळीतली प्रथिनं आणि ही गोळी दोघांनाही आत शिरायला दार एकच. गर्दीत गोळी मागे राहते. तेव्हापासून गोळी जेवणाच्या तासभर आधी, भिंतीवरच्या घड्याळावर. डाळ बंद केली नाही. खानदेशी माणसाने ती बंद करून जगायचं तरी कशाला?

तीनेक वर्षांनी गोळीचा अंमल चार-पाच तासांऐवजी तीनवर आला. सकाळी नऊला मी मळ्यात केळीच्या बागेतून फेरी मारून यायचो आणि साडेअकराला त्याच माणसाला खाटेवर कूस बदलता यायची नाही. सालदार कुजबुजला, ‘सकायले ते मयामा व्हतात ना जिभाऊ!’ म्हणजे सोंग. त्याचा राग येत नाही. माझा मलाच विश्वास बसत नाही, त्याचा कसा बसावा? डॉक्टरांनी गोळीचे भाग पाडून वेळा वाढवल्या. एकाने कवचबीज, म्हणजे आपली खाजकुयली, तिच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. त्यात खरंच लिव्होडोपा असतो, थापा नव्हेत. पण चमच्यात किती मिलिग्रॅम हे कोण मोजणार, आणि वर माझ्या गोळ्या चालूच. डबा तसाच परत केला, त्याला वाईट वाटलं.

मध्ये करोना येऊन गेला. गावात तपासणीला आलेल्या ताईने विचारलं, ‘आजोबा, वास येतो का?’ मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. झाली धावपळ! आठ वर्षांपासून येत नाही हे सांगेपर्यंत माझा आवाज तिच्यापर्यंत पोचेना. चाचणी निगेटिव्ह आली. खरं सांगायचं तर मास्कची ती दोन वर्षं मला सोयीची गेली. सगळ्यांचेच चेहरे झाकलेले, माझा चेहरा कुणालाच खटकला नाही.

२०२२ मध्ये पाय चिकटायला लागले. जळगावहून परतताना अमळनेर स्टेशनात गाडी थांबली, दारापर्यंत आलो आणि पाय उचलेचना. डोकं सांगतंय चल, पण पाऊल फरशीला डिंकाने डकवल्यासारखं. मागून लोक, ‘ओ काका, उतरा ना!’ घाई केली की पाय जास्तच चिकटतात. शेवटी एका पोराने समोर पाय आडवा ठेवला, तो ओलांडायला म्हणून माझा पाय उचलला गेला आणि मी खाली. चमत्कारच म्हणायचा, पण फिजिओथेरपिस्टला तो ठाऊक होता. सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना चढतो, रेघ ओलांडतो. आता ओसरीतून स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याशी लाल चिकटपट्टी लावली आहे. त्यांनी ताल मोजत चाला असंही सांगितलं. ते मला एकादशीच्या भजनात आपसूकच सापडलं होतं. टाळ सुरू झाला, पावलीचा ठेका आला आणि मघाशी दोघांनी धरून आणलेला मी पावली खेळत होतो. थांबलो की पुन्हा खांब. हल्ली कुठे अडलो तर ओठातल्या ओठात ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हणतो.

गेल्या काही वर्षांत आणखी काय काय जमा झालं! वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात बसलो होतो, रथ आला म्हणून झटकन उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार. झोपून रक्तदाब १३०, उभं राहिल्यावर १००. आता उठताना आधी बसतो, मग मनात दहा मोजतो, आणि उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोडत नाही. एका गोळीने संध्याकाळी कोपऱ्यात मांजर दिसायला लागलं, अगदी शेपटी हलवणारं. आधी सांगायची लाज वाटली. सांगितल्यावर ती गोळी हळूहळू कमी केली आणि मांजरही गेलं. लाळ, रात्री चार वेळा उठणं, पहाटे डाव्या पायाची बोटं आत वळून येणारा गोळा, यांच्याशी अजून हिशोब चालू आहे.

जळगावच्या दवाखान्यात धरणगावकडची एक बाई नेहमी भेटते. तिचा हात सुपासारखा हलतो, पण ती माझ्या दुप्पट वेगाने चालते, स्वच्छ बोलते आणि बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, घाट्याचा वास तिला दोन घरांवरून येतो. एकाच रोगाची आम्ही दोघं. एकमेकांच्या गोळ्या विचारतो आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांची बोलणी खातो.

व्याह्यांकडे मी स्वतः गेलो होतो. सांगितलं, माझा चेहरा हसत नाही, मी हसतोय असं समजून घ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, ‘आत्ता हसताय का?’ हसतच होतो.

बँकेचं काम तेवढं राहिलं होतं. मागच्या महिन्यात नवीन नमुना सही द्यायला गेलो. फॉर्मवर तीन चौकोन. पहिल्यात सही बरी आली, दुसऱ्यात आडनाव दबलं, तिसऱ्यात पुन्हा मुंग्या. काउंटरवर आता एक मुलगी आहे. तिने तिन्ही चौकोन निरखले आणि विचारलं, ‘काका, यातली कुठली धरायची?’

म्हटलं, ‘सकाळी आलो तर पहिली धरा, जेवणानंतर आलो तर तिसरी.’